रांगेत गेलेले नऊ सेकंद

ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. कोड लिहायचा तोसुद्धा अर्धवट उभी राहून, एक गुडघा खुर्चीवर टेकवून. फोनवर बोलायचं ते जिन्यात येरझारा घालत. पण हात पक्का होता. शहरातल्या ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये चालणारा प्रोग्राम सहा वर्षांपूर्वी तिनं जवळपास एकटीनं उभा केला होता, आणि त्याच कंट्रोल रूममध्ये तिची थोरली बहीण फोन घ्यायची.

तो प्रोग्राम काहीतरी घडायची वाट बघत बसायचा. फोन वाजला, कुणी बटण दाबलं, एखाद्या गाडीनं आपला ठावठिकाणा कळवला, की ती घटना रांगेत जाऊन उभी राहायची, आणि प्रोग्राम एकेक करून सगळ्यांना हातावेगळं करायचा.

एका सकाळी ताईचा फोन आला.

"मला मेमो मिळालाय. कामात दिरंगाई. गाडी पाठवायला मी उशीर लावते म्हणे."

"लावतेस का?"

"बटण दाबते गं मी. पण कधी कधी स्क्रीन ढिम्म हलत नाही. मग एकदम हलते."

"ताई, रोजचा अहवाल माझ्याकडे येतो. एका घटनेला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, जास्त नाही. प्रोग्राम अडकत नाहीये. तू दमत असशील."

"बरं," ताई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ते 'बरं' भिंगरीला टोचत राहिलं. डबा उघडला, दोन घास खाल्ले, बंद केला. शेवटी पर्स उचलली आणि कंट्रोल रूम गाठली.

ताईच्या खुर्चीमागे ती भिंतीला टेकून उभी राहिली. ताईनं मान वळवली नाही. एका माणसाची बायको जिन्यावरून पडली होती. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. ताईनं शांतपणे पत्ता घेतला, टाइप केला, गाडी पाठवायचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

भिंगरीनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन. पाच. "आहे मी, फोन ठेवू नका," ताई त्या माणसाला सांगत होती. सात. नऊ सेकंदांनी गाड्यांची यादी आली आणि ताईनं पुढच्या क्षणी गाडी सोडली.

भिंगरीनं तिथेच लॅपटॉप उघडून त्या घटनेची नोंद शोधली. सेकंदाचा पाचवा हिस्सा.

ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत सुटली. नऊ सेकंद तिनं डोळ्यांनी पाहिले होते. मग ते गेले कुठे? सातव्या की आठव्या फेरीला ती जागीच थांबली. प्रोग्रामनं घटना हातात घेतली की त्या घटनेचं घड्याळ सुरू व्हायचं. त्याआधी ती रांगेत किती वेळ ताटकळली, ते कुणीच मोजत नव्हतं. डॉक्टरांनी तपासायला घेतल्यापासून वेळ धरावा आणि बाहेरच्या बाकावर गेलेला तास सोडूनच द्यावा, तसं झालं होतं. आणि ते घड्याळ भिंगरीनंच तसं लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रत्येक घटनेला वेळेच्या तीन नोंदी चिकटवल्या: रांगेत आली कधी, हातात घेतली कधी, संपली कधी. घाईघाईत प्रोग्रामला ते सगळं फाइलमध्ये लिहायला लावलं. अर्ध्या तासात कंट्रोल रूममधून ओरडा सुरू झाला. घटना घडली की फाइल उघड, लिही, बंद कर. या लिहिण्यापायीच रांग लांबत चालली होती. मोजणारीच वाटेत आडवी पडली होती. तिनं जीभ चावली आणि सगळं काढून टाकलं.

मग तिनं रांगेत थांबण्याच्या वेळेचे फक्त कप्पे केले. सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत, एका सेकंदाच्या आत, पाचच्या आत, पाचच्या वर. घटना संपली की ज्या त्या कप्प्यात एक आकडा वाढायचा, बस्स. आणि दहा मिनिटांनी एकदाच सगळे आकडे बाहेर पडायचे. शिवाय रांग तुंबलेली असताना प्रोग्रामच्या हातात कोणतं काम होतं, त्याचं नाव.

ते दोन दिवस तिनं घरच्यांना वीट आणला. जेवताना उठायची, फोन बघायची, बसायची. "तू एकदा त्या खुर्चीला स्वतःला बांधून घे," नवरा म्हणाला. तिला हसू आलं नाही.

आकडे आले. शेकडा नव्व्याण्णव घटना पहिल्या कप्प्यात. यांचीही नुसती सरासरी काढली असती तर ती गोंडसच दिसली असती. पण गर्दीच्या दोन तासांतच शेवटच्या कप्प्यात एकेचाळीस होत्या, आणि दर वीस मिनिटांनी घोळक्यानं. काम प्रत्येक वेळी एकच: प्रत्येक गाडीचं प्रत्येक दवाखान्यापासूनचं अंतर नव्यानं काढणं. तिनं ते लिहिलं तेव्हा गाड्या आठ होत्या. आता साठ होत्या. ते सुरू झालं की बाकीचे सगळे मागे खोळंबायचे.

ती तडक कंट्रोल रूमच्या साहेबांकडे गेली. बोलावून ताईलाही आणलं.

"मेमो मागे घ्या, साहेब. उशीर माझ्या कामामुळे होतोय. हे बघा."

साहेबांनी कागद उलटसुलट केला. "पण तुमचाच अहवाल सांगायचा की सगळं ठीक आहे."

"माझा अहवाल चुकीचा होता."

ती साहेबांच्या टेबलासमोरून हलली नाही. मेमो मागे घेतला गेला. संध्याकाळपर्यंत तिनं त्या कामाचे साठ तुकडे केले. एका गाडीचं झालं की रांगेतल्यांना वाट द्यायची, मग दुसरी गाडी. शेवटचा कप्पा रिकामा झाला.

जिन्यात तिनं ताईला गाठलं. "ताई, चुकले मी."

"प्रोग्राम चुकला त्याचं काही नाही गं," ताई म्हणाली. "पण मी सांगत होते ना? माझ्यावर विश्वास ठेवायला तुला आकडे लागले." आणि ती खाली उतरली.

भिंगरी कठड्याला धरून उभी राहिली. मग तिच्या मनात आलं, असे मेमो आधी कुणाकुणाला गेले असतील? साहेबांच्या कारकुनानं फाइल काढली. गेल्या वर्षी दोघींनी याच कारणावरून नोकरी सोडली होती. एकीचा फोन लागत नव्हता. दुसरी आता एका औषधाच्या दुकानात होती. भिंगरीनं तिला सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

पलीकडे कुणीतरी औषध मागत होतं. त्याला ते देऊन बाई परत फोनवर आली.

"मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "पण हे साहेबांच्या सहीनं लेखी द्या. घरी दाखवायचंय."

भिंगरी पुन्हा साहेबांच्या केबिनकडे वळली.