म्हशीमागे धावले ती सकाळ

निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला रंकाळ्याकाठची एक सकाळ आठवते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शर्यतीत गुडघा दुखावल्याला वर्ष उलटलं होतं, तरी रोज सकाळी मी त्याला निलगिरीचं तेल चोळत होते. डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली होती, पण माझा पायच उचलत नव्हता. थोरली बहीण रोज सोबत यायची आणि आम्ही नुसत्या चालून परतायचो. त्या दिवशी पाण्यावर धुकं होतं, काठावर म्हशी धुणं चाललं होतं. एवढ्यात एक म्हैस मालकाच्या हाताला हिसका देऊन दाव्यासकट रस्त्याकडे उधळली. “धरा की कुणीतरी!” तो ओरडला. मी भानावर आले तेव्हा दावं माझ्या मुठीत होतं, छाती धपापत होती आणि म्हैस शांतपणे माझ्याकडे बघत होती. बहीण धापा टाकत आली. “अगं, पळालीस की तू!” मी वाकून गुडघा चाचपला. दुखत नव्हता, नुसता गरम झाला होता. “आधी कुठला पाय टाकला गं मी?” मी विचारलं. “काय म्हाईत? मी म्हशीकडं बघत हुतो,” ती म्हणाली. पुढे मी बरीच वर्षं धावले. पण वर्षभर माझं न ऐकणाऱ्या त्या पायाला तेव्हा हुकूम कुणी दिला, हे मला अजून उमगलेलं नाही.