चित्रातला धोंडा

भोरला नीरेच्या घाटावर भामाबाई परटिणीचा मधोमध खाच पडलेला पिढीजात धोंडा आहे. आधी सासूचा, आता तिचा. दुसरं कुणी त्यावर कपडा आपटत नाही. काठावरच्या लॉजच्या चादरी ती तिथंच धुते.

एकदा ती धुणं पोचवायला गेली, तर मॅनेजरनं सुनावलं, "मावशी, सकाळी सकाळी तुमच्या आपटण्यानं पाहुण्यांची झोपमोड होते. लोक शांततेसाठी येतात इथं." मग भिंतीवरचं जुनं चित्र दाखवलं. कुण्या साहेबानं दीडशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेला हाच घाट. "बघा, किती शांत नदी!"

भामाबाईनं डोळे बारीक केले. चित्रात पाण्याकडेला एक बाई ओणवी होती. पुढ्यात मधोमध खाच पडलेला धोंडा. भामाबाईच्या घरचाच!  तिनं चित्राच्या काचेवर ओलं बोट टेकवलं.

"शांत कुठली? ही बी आपटतीया की! तुमच्या कागदाला ऐकू येत न्हाई, येवढंच."

"तिचं राहू द्या. तुम्ही उद्यापासून येऊ नका. मशीन घेतलंय आम्ही."

ती वळून दारापर्यंत पोचली नाही, तोच मॅनेजरनं तिनंच आणलेल्या गाठोड्यातला पांढराशुभ्र टॉवेल ओढला आणि काचेवरचा तिच्या बोटाचा ओला ठसा पुसून टाकला.