पिठात घोळवलेलं इंजिन

नाशिकहून निघालो तेव्हा गाडीखाली तेलाचा एकही थेंब नव्हता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गुडघे टेकून, बॅटरीचा उजेड पाडून मला ते दाखवलं. "बघ, कोरडं ठाक!" आमची ती जुनी काळी गाडी जिथे उभी राहील तिथे डाग ठेवून यायची, नातेवाइकांना डागावरून कळायचं की अण्णा येऊन गेले. पण त्या दिवशी आम्ही माझ्या बहिणीला, सुषमाला, घेऊन कुंभवलीला स्थळ पाहायला निघालो होतो. मुलाच्या आईला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता, म्हणून आम्हीच जाणार होतो. पाहुण्यांच्या अंगणात डाग पडू द्यायचा नाही, असा अण्णांचा पण होता.

"मी नाही म्हटलं तर चिडायचं नाही," सुषमा मागच्या सीटवरून म्हणाली.

"चिडणार नाही. पण तू नाही म्हणू नकोस," अण्णा म्हणाले.

दिवाळी नुकतीच झाली होती. त्र्यंबक मागे पडलं, दोन्हीकडे पिवळं पडलेलं गवत, उताराच्या तुकड्यांवर नागलीची कापणी. तोरंगणच्या घाटात जळक्या तेलाचा वास आला. बॉनेट उघडलं, तर इंजिनाने अभ्यंगस्नान केलेलं! तेल मोजायची पट्टीसुद्धा आपल्या जागेवरून उडून वर आली होती. गवताचा भारा घेऊन चाललेले एक म्हातारबाबा थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, "तेल नाय ते. घाम हाय. चढ चढली ना बिचारी."

अण्णांना हे निदान फार आवडलं. पुढे दिवसभर ते 'घाम' हाच शब्द वापरत होते.

जव्हारला गॅरेजवाल्याने दिसेल तो बोल्ट आवळला. त्यानंतर आधी नव्हतं तिथूनही तेल येऊ लागलं. मनोरला आम्ही चहा-भजी खाल्ली. हॉटेलच्या मालकाने आपणहून कपडे धुवायचा साबण आणून इंजिनाच्या सगळ्या सांध्यांवर चोळला. "आमच्या ट्रकवाल्यांचा इलाज हाय, तुमी निवांत जावा," तो म्हणाला. निवांत गेलो. पण वाटेत रेडिएटरचं पाणी उडालं आणि बोईसरच्या नाक्यावर आमची गाडी बॉनेटच्या फटींतून फेस काढत पोचली. तिथला मेकॅनिक गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून गंभीरपणे म्हणाला, "साब, पूरा इंजन उतारना पडेगा."

"आणि आम्ही मुलाकडे काय चालत जायचं?" अण्णा ओरडले.

कारखान्यांची धुराडी दिसू लागली, नाकात आंबट वास शिरला आणि कुंभवली आलं. मुलाचं घराणं मूळचं सिन्नरकडचं, कारखान्यातल्या नोकरीमुळे इथे स्थायिक झालेलं. ताजं सारवलेलं अंगण, त्यावर रांगोळी. गाडी मी चालवत होतो; अण्णा मला खुणेने बाहेरच थांब म्हणत होते. पण मुलाचे वडील हात हलवत पुढे आले. "आत घ्या, अगदी आत घ्या!" गाडी आत गेली आणि रांगोळीतल्या कमळावर तेलाची धार लागली.

"जरा एखादं घमेलं मिळेल का?" नमस्काराच्या आधी अण्णा हे बोलले. गडबडीत मुलाच्या आईने पोह्यांची परातच आणून दिली.

मुलाचं नाव मधुकर. खास या दिवसासाठी शिवलेला पांढरा शर्ट, कडक इस्त्री. तो म्हणाला, "आधी इंजिन पुसून कोरडं करू. मग वर पावडर मारू. जिथे ओली होईल, तिथे गळती." घरातला पावडरचा डबा तेवढ्यात संपला. मग आईने तांदळाचं पीठ दिलं. मुलाचे वडील, अण्णा, मी आणि नवरदेव असे चौघे इंजिनावर पीठ थापत उभे असताना सातपाटीची एक मासेवाली मावशी डोक्यावर टोपली घेऊन दारात आली.

"अगो बाय! आमी पापलेट पिठात घोलवतो, तुमी इंजिन तलताव काय?"

सुषमा इतकी हसली, की तिने आणलेल्या ट्रेमधले कप वाजू लागले.

इंजिन सुरू केलं. थोड्याच वेळात अंगणभर भाकरी भाजल्याचा वास सुटला, आणि पीठ एकदम सगळीकडून काळं झालं. मधुकरने वाकून मागच्या बाजूची एक नळी चाचपली.

"ती ना?" अण्णा अभिमानाने म्हणाले. "तिथून सारखं ठिबकायचं. काल मीच लाकडाचं बूच ठोकून बंद केली. कसं बसलंय?"

मधुकरने बूच बोटाने हलवून पाहिलं. "पक्कं बसलंय," तो म्हणाला.

अण्णा हात धुवायला मागे गेले. मधुकरने बूच उपसलं. फुस्स आवाज झाला आणि पिठाचा ढग त्याच्या तोंडावर आला. तेलकट बूच त्याने घाईने नव्या शर्टाच्या खिशात टाकलं. समोर सुषमा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"इंजिनातली वाफ बाहेर पडायची ती नळी आहे," तो हळूच तिला म्हणाला. "ती कोंडली, की सापडेल त्या फटीतून तेल बाहेर येणार."

"मग अण्णांना का नाही सांगितलंत?"

"आमच्या अंगणाला डाग पडू नये म्हणून त्यांनी केलं ना ते? तुम्ही फक्त पुन्हा बूच मारू देऊ नका."

अण्णा परतल्यावर त्याने सांगितलं, "एक गास्केट सरकलं होतं. बसवलं." अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

जेवायला शेजाऱ्यांकडून उकडहंडी (मडक्यात पाणी न घालता शिजवलेल्या भाज्या) आली होती. तशी चव मला नाशिकला कुठे मिळाली नाही. सातपाटीचा समुद्र पाहायचा बेत मात्र राहूनच गेला. परतीच्या घाटात गाडी सरळ चढली. पूर्वीसारखी ठिबकत होती, पण तेवढंच.

"गास्केट काय बसवलंय पोराने!" अण्णा म्हणाले. मग आवाज खाली आणून विचारलं, "सुषमा, काय कळवू?"

"त्यांच्या खिशाला केवढा डाग पडला, पाहिलात?"

अण्णा घाबरले. "अगं, शर्टाचं काय एवढं! डाग धुतला की जातो."

"नाही जायचा तो," सुषमा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "हो कळवा."

लोक प्रवासातून आल्यावर काय काय पाहिलं ते सांगतात. मी इतक्या लांब जाऊन समुद्रसुद्धा पाहिला नाही. पण एक माणूस दुसऱ्याची चूक गुपचूप खिशात टाकताना मी पाहिला, आणि माझी बहीण ते पाहत असताना तिला पाहिलं. अण्णांना अखेरपर्यंत वाटत राहिलं, की ते लग्न गास्केटमुळे जमलं.