मौनाच्या दिवशी लिहिलेलं ‘नाही’

बुधवार, १५ ऑक्टोबर १९९७. ठिकाण: भूतानच्या डोंगरातलं एक आरोग्य-निवास. हजर: मी, माझे यजमान आणि त्यांचे थोरले भाऊ, त्यांना आम्ही दादा म्हणतो. माझ्या वहीत ‘हजर’च्या खाली नेहमी ‘गैरहजर’ असतं. त्या दिवशी ती ओळ मी कोरी सोडली.

का सोडली, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे – पण क्रमाने सांगता येईल असं वाटत नाही. एरवी मला सगळं क्रमाने लागतं. सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे मी. घरातसुद्धा डब्यांवर चिठ्ठ्या, भिंतीवर याद्या. अशा बाईच्या हातून काही राहून गेलं, असं कुणाला वाटेल तरी का?

आम्ही तिकडे गेलो ते दादांमुळे. ते भूतानात वीज प्रकल्पावर इंजिनिअर होते. आमची अस्मिता, नऊ वर्षांची, मेंदूज्वराने गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. आमच्या ह्यांची झोप गेली होती, कपडे अंगावर लोंबत होते. दादांनी परस्पर आठ दिवसांचं राहणं ठरवून टाकलं. इंजिनिअर झाले तरी घरात त्यांची बोली बेलापूरचीच. “बुद्धाचा देश हाय. डोळं तरी निवतील त्याचं,” म्हणाले. आमच्या बौद्ध घरात या वाक्याला कोण नाही म्हणणार?

असं ठिकाण मी आधी पाहिलं नव्हतं. पायाखाली ऊबदार लाकडी जमीन, गळ्यापर्यंत येणाऱ्या दुलया, बसल्या जागी काढा. अंगणात नदीचे गोटे विस्तवात लाल करायचे आणि लाकडी टबातल्या पाण्यात सोडायचे – चर्र आवाज व्हायचा. त्यात कसलीशी रानपानं टाकून पाहुण्याने मानेपर्यंत बसायचं.

“जल्मात पयल्यांदा बघतोय,” दादा म्हणाले, “हौसेनं मानूस सवताला उकडून घेतंय.” मग माझ्याकडे वळून, “आन् रेखा, ती वही ठेव की बाजूला. डोंगराची बी यादी करशील तू!”

हे हसले. दीड वर्षात पहिल्यांदा. मी वहीत लिहिलं – हसले.

बुधवार तिथे मौनाचा असे. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. काही लागलं तर लिहून मागायला प्रत्येकाला एक छोटी वही आणि पेन्सिल. नियम वाचून मला हायसं वाटलं. खरं सांगू? घरात आम्ही दोघं मुलीबद्दल बोलतच नव्हतो. ते बोलायला लागले की मी उठून कामाला लागायची. इथे न बोलण्याचा नियमच होता – किती सोयीचं!

दुपारी टबातून निघून आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. समोर दरी. ह्यांनी वही मांडीवर घेतली आणि बराच वेळ लिहीत राहिले – खोडत, पुन्हा लिहीत. मग माझ्यापुढे सरकवली. एवढ्या वेळात एकच ओळ झाली होती.

“अस्मीने शेवटी माझ्याबद्दल विचारलं होतं का?”

तोंडाने जे विचारवलं नाही, ते त्यांनी कागदावर विचारलं. आणि मी? मौनाने माझी पेन्सिल काही धरली नव्हती. मी लिहिलं – “नाही. झोपेतच होती.” माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं.

त्यांनी वाचलं. मान हलवली. पान फाडून, चार घड्या घालून खिशात ठेवलं.

विचारलं होतं तिने.

हे कृषी खात्यात, जामखेडला नेमणूक. शनिवारी केडगावला घरी यायचे. त्या आठवड्यात सोमवारी तिला ताप आला. गुरुवारी सकाळपासून तिचं एकच – “पप्पांना बोलव ना.” किती वेळा म्हणाली, ते मी मोजलं नाही. शेजारी फोन होता. जामखेडच्या ऑफिसचा नंबर माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होता. “शनिवारी येतीलच,” मी म्हणत राहिले.

ताप साधा वाटला म्हणून फोन केला नाही, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. चार दिवस रजा टाकून मी तिच्या उशाशी होते, आणि माझ्या हातातला चमचा बघून ती ओठ मिटून घ्यायची. “तू नको. पप्पा.” मला राग आला. तापलेल्या नऊ वर्षांच्या पोरीचा राग. म्हणून केला नाही फोन. शुक्रवारी दुपारी केला, तेव्हा ती दवाखान्यात बेशुद्ध होती. हे पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

‘हो’ लिहिलं असतं, तर त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला – मग मला कळवलं का नाहीस? तो प्रश्न चुकवायला मी त्यांना हे मानायला लावलं, की त्यांच्या मुलीला त्यांची आठवणच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दादांशी बोलत होते. घड्या घातलेले टॉवेल घेऊन मी दाराआड होते.

“दादा, पोरीला मी पाहुणाच होतो रे. शनिवारचा पाहुणा. तिनं विचारलंसुद्धा नाही.”

“येडा हायेस का? तापात लेकराला कुनाची सुद ऱ्हाती व्हय?”

मधे फक्त दार होतं. मी मागे फिरले आणि बॅगेतले कपडे मोजले.

घरी परतल्यावर त्यांना झोप लागू लागली. डोंगराचा गुण आला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. गुण कसला? त्यांनी वाट बघणं सोडलं होतं.

आज त्याला दोन वर्षं होत आली. मागच्या महिन्यात दादांची नात आईच्या कडेवरून ह्यांच्याकडे झेपावली – दोन्ही हात पसरून. ह्यांनी हात मागे घेतले. “माझ्याकडे नाही येत गं लेकरं,” म्हणाले. लेकरू तर आलं होतं.

अजून एक आहे. शुक्रवारी सकाळी, शुद्ध हरपण्याआधी, तिने मला एक निरोप दिला होता. “पप्पांना सांग, एस्टीत खिडकीपाशी बसा, म्हणजे मला लांबूनच दिसतील.”

आज शनिवार. ते जामखेडहून आले आहेत. बाहेर मोरीवर पाय धुताहेत. हा निरोप मी अजून दिलेला नाही.