पहारेकरणीचे जोडे

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली ताडकाकू म्हणायची. उंचीच तशी होती. दुकानात शिरताना त्यांना मान वाकवावी लागे आणि नवरोबा जेमतेम त्यांच्या खांद्याला लागत. पायही उंचीला साजेसे, म्हणून चपला पुरुषांच्याच घ्याव्या लागत. काकू सगळं हसण्यावारी न्यायच्या. पण चार माणसांत गेल्या की मागे, भिंतीला टेकून, जरा पोक काढूनच उभ्या राहायच्या.

वस्तुसंग्रहालय दोन गल्ल्या सोडून होतं. तिथल्या पहारेकऱ्यांचे गणवेश इस्त्रीला यायचे. त्यांतले एक मिशीवाले पहारेकरी दर खेपेला म्हणायचे, "काकू, आमचे ते मोठे जोडे बघायला याच एकदा. कुठून कुठून माणसं येतात!"

"येते की," काकू म्हणायच्या. नवऱ्याला मात्र सांगायच्या, "मी तिथं उभी राहिले तर लोक जोडे सोडून मलाच बघतील."

एकदा भर दुपारी खोदकामात केबल तुटली आणि गल्लीतली वीज गेली. इस्त्री थंड पडली, धुलाईचं मशीन मध्येच मुकं झालं. नवऱ्याने हात पुसले. "चल, जोडे बघून येऊ."

"अहो, आणि हे भिजलेले कपडे?"

"ते काय पळून जातायत?"

काकूंना दुसरी सबब सुचेना. निघाल्या.

जोडे काचेच्या कपाटात होते. केवढाले! एकेकात मांजरीचं अख्खं बाळंतपण उरकलं असतं. "कुठल्या पैलवानाचे हो?" काकूंनी विचारलं.

"पैलवान कुठला? बाईचे आहेत!" मिशीवाल्यांनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. "राणीच्या महालाची पहारेकरीण. चित्रकार म्हणाला, जरा वाकून उभी राहा. राणी म्हणाली, ती वाकायची नाही, तू कागद मोठा आण."

चित्रातली बाई कमरेवर हात ठेवून ताठ उभी होती. शेजारची राणी तिच्या कोपराला लागत होती. काकू बघतच राहिल्या.

खाली फरशीवर त्या जोड्यांचे ठसे रंगवले होते. मिशीवाले म्हणाले, "उभ्या राहा की त्यावर." काकूंनी चपला काढल्या, पाय ठेवले. पुढे चांगली चार बोटं जागा उरली.

"अहो!" त्या ओरडल्याच. "अहो, माझा पाय केवढुसा आहे बघा!"

दालनातली माणसं वळून बघायला लागली, पण काकूंना त्याचं भानच नव्हतं. नवऱ्याने एकाच ठशात दोन्ही पाय मावतात का ते बघितलं, मावले. मग काय, अनोळखी माणसंही चपला काढून रांगेत उभी राहिली आणि जो तो हसायला लागला. काकू चित्राशेजारी ताठ उभ्या राहिल्या. "काढा फोटो. आणि डोकं कापू नका हं!"

पुढे नाण्यांचं दालन झालं, तोफा झाल्या, जुनी भांडीकुंडी झाली. नवरा बाकावर बसून पाय चोळत म्हणाला, "आता पुरे की गं."

"तुम्ही बसा निवांत," काकू म्हणाल्या. "वरचा मजला अख्खा राहिलाय." आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना चढून गेल्यासुद्धा.