ऑर्वलचा पाठ केलेला प्रश्न

ऑर्वल स्कोगेन रस्त्यावरचा बर्फ लोटायची गाडी चालवतो आणि देवाशी बोलतो ते बांधावरच्या शेजाऱ्याशी बोलल्यागत. गोठल्या तळ्यात गिरमिटानं भोक पाडलं, गळ सोडला, की म्हणणार, "बापा, काल लई बारका दिलास. आज जरा बघ." शेजारी बसणाऱ्या मिल्टला त्याचं कधी काही वाटलं नाही.

मिल्ट हौगेन त्याचा बाळपणापासूनचा सोबती. बायको लोर्ना गेली तेव्हापासून त्यानं चर्चची पायरी सोडली. आमच्या मिनेसोटात तळं गोठलं की माणसं वर लाकडी खोपटं ओढून नेतात आणि आत शेगडी पेटवून मासे धरत बसतात. मिल्ट घराबाहेर पडायचा तो ऑर्वलच्या खोपटापुरता. तेही सुटलं असतं, तर गडी घरातल्या घरात वाळून गेला असता. ऑर्वलला हे पक्कं ठाऊक होतं.

तरी त्यानं घोळ घातलाच.

झालं असं, शेजाऱ्याला ख्रिस्ताविषयी कसं सांगावं, याचा चर्चच्या नव्या पाळकांनी वर्ग घेतला. आमची लुथेरन पंथाची माणसं असल्या बोलण्याला भारी लाजतात. त्यापेक्षा पाठीवरचं गळू उघडून दाखवतील. म्हणून पाळकांनी प्रश्नच तयार करून दिले. ऑर्वलनं ते गाडी चालवता चालवता घोकले. बायको आर्डिस म्हणाली, "तुमच्या तोंडी हे शोभत न्हाई बघा. बैलाला टोपी घातल्यागत दिसतंय."

मंगळवारी मिल्ट बूट काढून शेगडीपाशी पाय शेकत होता. ऑर्वल खाकरला.

"मिल्ट, आज राती मेलास तर कुठं जाशील?"

नेमका तेव्हाच खालचा बर्फ तडाडला. थंडी वाढली की तळं असं ओरडतंच, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मिल्ट एका पायात बूट अडकवून दाराबाहेर!

"बर्फ पातळ झालाय हे आधी सांगायचं न्हाई का, गाढवा?"

"हातभर जाड हाय की. मी तुझ्या आत्म्याचं इचारतोय."

"कुणी शिकवलं?"

"पाळकांनी."

मिल्टनं आत येऊन दुसरा बूट चढवला, बादली उचलली. "जल्मभर तू माझ्याशी बोललास. आज तुझ्या तोंडातनं दुसराच कोण बोलला." आणि लांब उघड्या वाऱ्यात बर्फाला भोक पाडून, पाठ फिरवून बसला.

बुधवारीही तिथंच. गुरुवारीही. नाक तांबडं झालं, पण गडी हलेना. शुक्रवारी दुपार कलली तरी त्याचा पत्ता नव्हता. ऑर्वलचं गळाकडं लक्ष लागेना. अखेर बादली हलवत येणारी आकृती दिसली, तसा तो शेगडी सोडून उठला. कॉफीचा थर्मास आणि आर्डिसच्या बटाट्याच्या पोळ्या घेऊन मिल्टशेजारी जाऊन बसला.

"दुसरा प्रश्न आणलास?"

"इसरलो. पोळी खा."

मिल्टनं खाल्ली. वारा कान कापत होता. मग तोच म्हणाला, "मी त्याच्याशी बोलत न्हाई, ऑर्वल. लोर्नाला नेलं त्यानं. रुसलोय मी."

"रूस की. रुसायला आपलंच कुणी लागतं. परक्यावर कोण रुसतंय?"

मिल्टचं चावणं थांबलं.

"आमचं थोरलं पोर गेलं, तवा बर्फाच्या गाडीत बसून मी देवाला न्हाई न्हाई त्या शिव्या घातल्या. रोज. शेजारच्या सीटवरनं तो काय उतरला न्हाई. सोताचा ल्योक खिळ्यांवर गेलेला बघितलाय त्यानं, मिल्ट. पोर गेल्याचं दुःख त्याला आपण काय सांगायचं?"

मिल्टच्या गळाला काहीतरी ओढत होतं. दोघांनीही बघितलं नाही.

"हेबी पाळकांनी शिकवलं?"

"न्हाई. आर्डिसलाबी ठावं न्हाई."

"देवाला शिव्या! तू?"

"तर काय. वळणावर तर लई."

मिल्ट हसला ते खोकला येईस्तोवर. मग बादली उचलून खोपटाकडं चालू लागला. "चल. कान गळून पडतील हितं."

चर्चला तो अजून आलेला नाही. पण परवा गळ सोडता सोडता आपण होऊन म्हणाला, "काल भांडलो त्याच्याशी."

"मग? कोण जिकलं?"

"अजून मिटलं न्हाई. आज परत बसायचंय."