कोशकाकांची दोरी

भोपाळच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन वर्षं काढूनही कोशकाकांनी आपल्या ट्रंकेची दोरी काढली नव्हती. सदरा हवा असला की गाठ सैल करायची, हात आत घालायचा आणि पुन्हा आवळायची. "नागपूरचा हुकूम आला की बांधाबांध नको," म्हणायचे. छप्पन साली नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतले आम्ही मराठी बाबू इकडे धाडले गेलो. काकांची आई तिकडे एकटी होती, डोळ्यांनी अधू.

काका भाषांतर विभागात, मी शेजारच्या टेबलावर. शब्द दिसला की त्याचं कूळ विचारल्याशिवाय ते त्याला सोडत नसत, म्हणून ते कोशकाका. "फितूर मूळचा अरबी बरं का. तिकडे नुसता ढिला होता, आपल्याकडे येऊन शत्रूला किल्ले द्यायला लागला." डबा खाताना हे ऐकून आम्हाला जांभया यायच्या.

मग आम्हा अकरा जणांना राहवेना. परत पाठवा म्हणून आम्ही एकत्र अर्ज केला. काकांचा अर्ज आधीच वेगळा गेला होता. साहेब भडकले. आमच्यावरची हिंदी टिप्पणी लिहायचं काम काकांकडेच आलं.

"इन्हें बाग़ी गुट लिख दीजिए," साहेब म्हणाले. "आपकी अर्ज़ी पर आज ही दस्तख़त कर दूँगा।"

बाग़ी म्हणजे बंडखोर; तो शब्द फाइलवर चढला असता तर आमच्या नोकऱ्याच जात्या. मान वर करायची माझी हिंमत नव्हती.

काका उठून उभे राहिले. "साहब, बाग़ी वो जो हद लाँघे. इन्होंने तो अर्ज़ी दी है, थ्रू प्रॉपर चैनल।"

आणि खाली बसून त्यांनी 'असहमत कर्मचारी' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

"एक लफ़्ज़ के लिए?" साहेबांनी विचारलं. काका टाक पुसत राहिले.

सहा महिन्यांनी आमचे हुकूम आले. काकांचा अर्ज साहेबांच्या खणातच राहिला. मला फार लाज वाटली, आणि आनंदही तितकाच झाला, हे आज कबूल करतो.

निघायच्या दिवशी नेमकी माझ्या ट्रंकेची कडी तुटली. काकांनी आपली गाठ सोडली आणि या वेळी दोरी पूर्ण ओढून काढली. माझी ट्रंक आवळत म्हणाले, "आईला भेटून ये. सांग, मजेत आहे."

"काका, तुम्हाला लागेल ना दोरी?"

"मला कशाला?" म्हणाले, आणि ट्रंकेतले सदरे एकेक करून खुंटीवर टांगू लागले.